पीएचडी चालू आहे, घरात आठ महिन्यांचं बाळ आहे, वेळ कुठून काढायचा?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तुम्ही असं लिहिलंय की पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे, बायॉलॉजीची लॅब आहे, मुलगी आठ महिन्यांची आहे, बायकोने तिच्यासाठी नोकरी सोडलीये, तुम्ही सकाळी नऊला जाता ते रात्री आठ-नऊला येता, आल्यावर परत लॅपटॉप उघडता, तरी गाईड म्हणतात काम हळू चाललंय आणि घरी रोज कशावरून तरी खटके उडतात. आणि शेवटी विचारलंय की टाइम मॅनेजमेंट कसं करायचं, एखादं चांगलं ॲप असेल तर सुचवा.

ॲप मी सुचवणार नाही, कारण मला तुमचा प्रॉब्लेम टाइम मॅनेजमेंटचा वाटतच नाही. तुमच्या एवढ्या मोठ्या प्रश्नात तुमच्या दिवसाचा तासातासाचा हिशोब आहे आणि बायकोच्या दिवसाबद्दल एकच वाक्य आहे, "ती दिवसभर घरीच असते." मला सगळी गाठ त्या वाक्यात दिसली. तुमच्या कामाला घरात कुठे हद्द नाहीये आणि तिच्या दिवसात एकही तास तिच्या नावाचा नाहीये. या दोन गोष्टी एकमेकींना वाढवत नेतात. आधी त्या सोडवल्या तर वेळेचं बरंचसं आपोआप मार्गी लागतं, उलट क्रमाने करायला गेलात तर काहीच लागत नाही.

मी हे कशावरून म्हणतेय तेही सांगते. मी स्वतः पीएचडीच्या दुसऱ्या वर्षात आई झाले. पहिले काही महिने सोडले तर लॅबमध्ये मी जायचे आणि घरी बाळाजवळ नवरा असायचा, म्हणजे तुमच्या घरात आज तुम्ही जिथे आहात तिथे मी होते. नंतर शिकवायला लागले, गेली बारा वर्षं माझ्याकडे स्वतःचे रिसर्च स्टुडंट्स आहेत आणि त्यातल्या पाच जणांना, दोन विद्यार्थिनी आणि तीन विद्यार्थी, पीएचडी चालू असतानाच मुलं झाली. त्यामुळे माझं घर धरून सहा घरं मी जवळून बघितलीयेत. सहाही घरं वेगळी, पण भांडणाचा विषय जवळजवळ सारखाच.

एक संध्याकाळ सांगते. मुलगा सात महिन्यांचा होता. मी साडेआठला घरी पोचले, दार उघडलं तर नवरा बूट घालून दारातच उभा, मुलगा कडेवर. मी खांद्यावरची बॅग उतरवायच्या आत त्याने मुलगा माझ्या हातात दिला, "जरा चालून येतो" म्हणाला आणि गेला. अडीच तासांनी परत आला. मी वैतागले होते, कारण त्याच रात्री डेटा प्लॉट करून गाईडना पाठवायचा होता आणि मुलगा काही केल्या झोपत नव्हता. तर तो आल्यावर खुर्चीत बसला आणि हळूच म्हणाला, अकरा दिवसांत आज पहिल्यांदा एकटा घराबाहेर पडलो. मला खरं वाटेना. आम्ही कॅलेंडर समोर घेऊन मागे मागे जात मोजलं. अकराच निघाले. त्याच अकरा दिवसांत मी एक सेमिनार ऐकला होता, दोनदा लॅबमधल्या लोकांबरोबर बसून निवांत जेवले होते आणि रोज जाता-येता मिळून चाळीस मिनिटं एकटी होते. मी दमत होते यात खोटं काही नव्हतं. पण मला निदान बाथरूमचं दार लावता येत होतं, त्याला तेही लावता येत नव्हतं, कारण दार लावलं की बाहेर रडं सुरू.

त्यामुळे ॲप-बिप बाजूला ठेवा आणि पहिली गोष्ट ही करा, एक आठवडा बायकोच्या दिवसाची नोंद ठेवा. तिला ठेवायला सांगू नका, तुम्ही ठेवा, तिला विचारून. शेवटचं एकटी कधी होती, सलग किती वेळ झोपली, मोठ्या माणसाशी समोरासमोर कधी बोलली. तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा आकडे खूप लहान निघतील.

आता आम्ही काय केलं ते. त्या रात्री आम्ही एक कागद घेतला आणि आठवड्याच्या प्रत्येक तासावर एकाचं नाव लिहिलं. नाव म्हणजे काय, तर त्या तासात बाळ रडलं तर उठायचं कोणी. बस एवढंच. आम्ही त्याला ड्युटी म्हणायचो. ज्याची ड्युटी नाही तो शेजारच्या खोलीत असला तरी उठणार नाही आणि ज्याची आहे तो मध्येच "मी दोन मिनिटं मेल बघतो" म्हणणार नाही. ऐकायला फार कोरडं वाटतं हे मला माहितीये, माझ्या एका विद्यार्थ्याची बायको आधी म्हणाली होती की घर आहे का हॉस्पिटल. पण दोन आठवड्यांनी तिनेच सांगितलं की तिला पहिल्यांदा अंग सैल सोडून पडता आलं, कारण कान सतत बाळाकडे लावून बसायची गरज उरली नाही. दोघंही घरात आहेत आणि दोघंही अर्धवट ड्युटीवर आहेत ही सगळ्यात वाईट अवस्था असते, त्यात कोणालाच विश्रांती मिळत नाही, कोणाचंच काम होत नाही आणि बाळालाही धड कोणी मिळत नाही. तुम्ही रात्री नऊला येऊन मांडीवर लॅपटॉप आणि शेजारी मुलगी असं बसता ना, ते हेच आहे.

ड्युटी म्हणजे मदत नव्हे, हा फरक तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे. मदत करणारा माणूस विचारतो, डायपर कुठेत, तिने शेवटचं कधी खाल्लं, आता झोपवू का. म्हणजे हात तुमचे पण डोकं परत तिचंच चाललंय. ड्युटीवरच्या माणसाला हे स्वतःला माहिती असावं लागतं. आमच्याकडे फ्रीजवर एक कागद असायचा, त्यावर चारच गोष्टी, शेवटचं दूध किंवा खाणं कधी, शेवटची झोप कधी ते कधी, शी झाली का, औषध असेल तर किती वाजता दिलं. ड्युटी बदलताना तो कागद बघायचा, एक मिनिट बोलायचं आणि दुसऱ्याने खरंच निघून जायचं. पहिले काही दिवस मी जे करायचे ते त्याला बरोबर वाटायचं नाही, मी वेगळ्या पद्धतीने झोपवायचे, कपडे वेगळे घालायचे, आणि तो दारात उभा राहून सुचवायचा. मग ठरवलं की सुरक्षिततेचा प्रश्न नसेल तर सुचवायचं नाही. तुमच्या बायकोलाही हे जड जाईल, विशेषतः मुलगी रडत असताना. आठ-नऊ महिन्यांच्या आसपास बाळांना आईपासून लांब झालं की घाबरायला होतं, ते वाढीचा भागच आहे, तुमच्याकडे ती रडते म्हणून तुम्हाला जमत नाही असं समजून लगेच परत आईकडे देऊ नका. रोज ठरलेल्या वेळी तुम्हीच असलात की दोन-तीन आठवड्यांत फरक पडतो, निदान मी बघितलेल्या घरांत पडला.

कागदावर पहिल्यांदा तिचा मोकळा वेळ लिहायचा, मग लॅब, मग बाकीचं. क्रम उलटा केला तर तिच्यासाठी काही उरत नाही, कारण रिसर्चचं काम मिळेल तेवढी जागा खातं, त्याला संपणं हा प्रकारच माहिती नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवसाचा अर्धा भाग, एवढं तरी तिचं असायला हवं, आणि त्यात ती काय करते हे विचारायचं नाही. ती कदाचित सुरुवातीचा एक महिना नुसती झोपेल. झोपू दे. ती अंगावर पाजत असेल तर तुम्हाला वाटेल की तिला बाहेर कसं पाठवणार, पण काढून ठेवलेलं दूध साध्या खोलीच्या तापमानाला चार तास आणि फ्रीजमध्ये चार दिवसांपर्यंत चालतं, शिवाय आठव्या महिन्यात मुलगी वरचं खात असणार, त्यामुळे तीन तास तुम्ही नक्की निभावू शकता. फक्त दूध काढायलाही तिचाच वेळ जातो हे लक्षात ठेवा, तो वेळ तिच्या मोकळ्या वेळात धरू नका.

इथे थोडं थांबून सांगते की बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर आहेत. तुम्ही कुठे शिकताय ते लिहिलेलं नाही, आणि नियमांनी खूप फरक पडतो. भारतात यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे महिला स्कॉलरना पूर्ण पीएचडीत मिळून २४० दिवसांपर्यंत मॅटर्निटी किंवा चाइल्ड केअर लीव्ह मिळू शकते आणि सहा वर्षांच्या मुदतीवर जास्तीची दोन वर्षंही मिळू शकतात, पण त्या कलमात वडिलांसाठी काही नाही. स्वीडनमध्ये पीएचडी करणारे बहुतेक जण युनिव्हर्सिटीचे नोकरच असतात, तिथे आईवडिलांना मिळून ४८० दिवसांची पालक रजा आहे आणि त्यातले ९० दिवस प्रत्येकाच्या नावाने राखीव, दुसऱ्याला देता येत नाहीत. अमेरिकेत तुम्ही एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर एफ-२ वर, म्हणजे तुमच्यावर अवलंबून म्हणून आलेल्या जोडीदाराला नोकरी करता येत नाही, जे-१ या एक्सचेंज व्हिसावाल्यांच्या जोडीदाराला परवानगीसाठी अर्ज करता येतो. तुमच्या बायकोने नोकरी सोडली ती निवड होती का व्हिसाने लादलेलं होतं, हा फार मोठा फरक आहे आणि तिच्या रागाचा पोतही त्याने बदलतो. आजी-आजोबा जवळ आहेत का, फेलोशिप वेळेवर येते का, पाळणाघर परवडतं का, यावरही खूप आहे. माझ्या घरी आजी-आजोबा नव्हते, माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी चौघं होते, तिला मी जे सांगितलं ते तुम्हाला लागू नाही.

आता लॅब. तुम्ही नऊ ते नऊ लिहिलंय, म्हणजे बारा तास. मी गाईड म्हणून सांगते, बारा तास लॅबमध्ये असलेला विद्यार्थी बारा तास काम करत नसतो आणि हे कामचुकारपणामुळे होत नाही, प्रोटोकॉलच तसे असतात. मी एकदा आठवडाभर दर अर्ध्या तासाला काय करतेय ते लिहून काढलं होतं, अकरा तासांतले साधारण साडेपाच तास खरं बेंचवर किंवा वाचण्यात गेले होते. बाकी मशीन रिकामं व्हायची वाट, जेल पळायची वाट, कोणीतरी संपवून ठेवलेला बफर परत बनवणं, गप्पा, फोन. तेव्हापासून मी प्रयोग लिहायची पद्धत बदलली आणि तीच मी माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांना शिकवते, मुलं असोत नसोत.

प्रत्येक प्रोटोकॉल घेऊन बसायचं आणि त्यात दोन रंगांनी खुणा करायच्या. एक रंग, जिथे थांबता येतं. दुसरा रंग, जिथे हात सोडता येत नाही. वेस्टर्न ब्लॉट बघा, म्हणजे सॅम्पलमध्ये एखादं ठरावीक प्रोटीन आहे का ते शोधायची पद्धत. सॅम्पल बफरमध्ये उकळून उणे वीसला ठेवले की तिथे थांबता येतं, दिवसच्या दिवस. जेलवर प्रोटीन वेगळी करणं, ती मेंब्रेनवर उतरवणं (ट्रान्सफर), ब्लॉकिंग हे सलग पाच-साडेपाच तासांचं काम, पण त्यानंतरची प्रायमरी अँटिबॉडी, म्हणजे ते प्रोटीन ओळखणारी, रात्रभर चार डिग्रीवर ठेवता येते. म्हणजे दुपारी बाराच्या सुमाराला जेल लावली तर साडेपाचला मेंब्रेन कोल्ड रूममध्ये हलत बसलेला आणि तुम्ही घरच्या वाटेवर. तेच जेल तीन वाजता लावलं तर साडेआठ वाजतात. प्रयोग तोच, अँटिबॉडी तीच, फक्त सुरुवात तीन तास उशिरा, आणि घरी त्या तीन तासांची किंमत म्हणजे मुलीची अंघोळ, खाणं आणि झोप, सगळं एकटीच्या अंगावर. ई. कोलाय या बॅक्टेरियाचं कल्चर बारा ते सोळा तास वाढतं, ते निघताना लावायचं, ते झोपतंय तेव्हा तुम्हीही झोपा. पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायचं काम, निघायच्या आधी लावला तर संपल्यावर मशीन स्वतःच थंड करून ठेवतं. सेल कल्चरवाल्यांचं थोडं अवघड, सेल्सना रविवार कळत नाही, पण शुक्रवारी सेल्स कमी संख्येने पेरल्या (सीड केल्या) तर बहुतेक प्रकारच्या सेल्स सोमवारपर्यंत थांबतात. आणि सेल्स डिशपासून सुटाव्यात म्हणून ट्रिप्सिन घातल्यावरची ती काही मिनिटं मात्र दुसऱ्या रंगाची, तेव्हा घरून फोन आला तरी उचलता येत नाही, हे बायकोला आधीच सांगून ठेवायचं म्हणजे तिला वाटत नाही की मुद्दाम उचलत नाही. आमच्याकडे लागोपाठ दोन मिस्ड कॉल म्हणजे इमर्जन्सी असं ठरलेलं होतं.

हे नीट बसवलं तर आठवड्यातले चार दिवस आठ ते सहा पुरतं. पाचवा दिवस लांबतो, तो आधीच कागदावर लांब म्हणूनच लिहायचा, म्हणजे सकाळीच दोघांना माहिती असतं की आज दहा वाजणार. घरचे खटके उशिरावरून कमी आणि "येतोच अर्ध्या तासात" यावरून जास्त होतात. मी माझ्या पाचही विद्यार्थ्यांच्या घरांत हे ऐकलंय, दहाला येणार सांगून दहाला आलं तर कोणी काही म्हणत नाही, सातला येणार सांगून आठला आलं की संपलं, कारण घरातला माणूस सात वाजेपर्यंतच पुरेल एवढीच ताकद राखून असतो.

रात्रीचं काम. बंद करा असं मी म्हणणार नाही, मीही केलंय, पण रोज नको. आठवड्यातून तीन रात्री, मुलगी झोपल्यावर, नऊ ते अकरा, कागदावर लिहून. बाकीच्या रात्री लॅपटॉप बॅगेतून बाहेर काढायचा नाही. पहिले काही दिवस हाताला चैन पडणार नाही. त्या तीन रात्रींत काय करायचं ते दिवसा लॅबमधून निघतानाच एका ओळीत लिहून ठेवायचं, "फिगर दोनचे ॲक्सिस नीट करणे" इतकं बारीक, कारण दमलेल्या डोक्याला "पेपरवर काम" असं लिहिलेलं दिसलं की ते नुसतं फाइल उघडून बसतं. लिखाणाचं तर मी वाक्य मुद्दाम अर्धं सोडून उठायचे. दुसऱ्या दिवशी बसलं की ते वाक्य पूर्ण करायचं असतं, तेवढ्याने गाडी सुरू होते. माझ्या थिसिसचा दुसरा चॅप्टर असाच पंचवीस-तीस मिनिटांच्या तुकड्यांत लिहिलेला आहे, मुलाच्या दुपारच्या झोपांत, सुट्टीच्या दिवशी.

झोपेशी मात्र खेळू नका. मुलाला दात येत होते तेव्हा तीन रात्री नीट झोप नव्हती आणि चौथ्या दिवशी मी आठ सॅम्पल्सच्या ट्यूबवर लेबलं लावताना कंट्रोल आणि ट्रीटेडची अदलाबदल केली. मला कळलं तीन आठवड्यांनी, जेव्हा रिझल्ट उलटे आले आणि मी दोनदा सगळं परत केलं. ट्यूब्स फ्रीझरमध्ये होत्या, अक्षर माझंच होतं. तेव्हापासून नियम केला, सलग चार तासांपेक्षा कमी झोप झाली असेल त्या दिवशी मौल्यवान सॅम्पलला हात लावायचा नाही, त्या दिवशी बफर बनवायचे, पेपर वाचायचे, ऑर्डरी द्यायच्या. रात्रीचीही ड्युटी वाटून घ्या, अर्धी रात्र एकाची, अर्धी दुसऱ्याची. "तिला काय दिवसा झोपता येतं" हे मनातून काढा. या वयाची बाळं दिवसरात्र मिळून बारा ते सोळा तास झोपतात, पण तुकड्यांत, आणि त्या दिवसाच्या तुकड्यांत घरातलं बाकी सगळं उरकायचं असतं.

लॅबमधून आल्यावर एक छोटी गोष्ट, लॅब कोट घरी आणायचा नाही आणि बाळाला घ्यायच्या आधी हात साबणाने धुवायचे, कपडे बदललेत तर अजून चांगलं. जेल स्वतः ओतत असाल तर न गोठलेलं ॲक्रिलामाइड मज्जासंस्थेला विषारी असतं, ग्लोव्ह्ज घालूनच काम करायचं आणि त्याच ग्लोव्ह्जनी फोन धरायचा नाही, कारण तोच फोन घरी मुलगी तोंडात घालते.

आता गाईड. तुम्ही लिहिलंय की गाईडना घरचं सांगितलं तर ते गंभीर समजणार नाहीत. असे गाईड असतात हे मी नाकारत नाही. पण दुसऱ्या बाजूने सांगते, मला सगळ्यात जास्त त्रास कशाने होतो, तर विद्यार्थी दर मीटिंगला दोन आठवड्यांत होणार नाही असं काम कबूल करतो आणि मग तोंड चुकवतो. मुलाचं कारण सांगितलं म्हणून मी कधी कोणाला कमी लेखलं नाही, पण मला माहितीच नसेल तर मी समजते की याला इंटरेस्ट राहिला नाही. त्यामुळे जाताना अडचणी सांगायला जाऊ नका, प्लॅन घेऊन जा. एका पानावर पुढचे तीन महिने, कुठले प्रयोग, कुठल्या क्रमाने, कुठला सोडून दिला तर चालेल, आणि खाली एक ओळ, "घरी लहान मूल आहे, मी रोज आठ ते सहा लॅबमध्ये असेन, बुधवारी उशिरापर्यंत, ग्रुप मीटिंग पाचच्या आत झाली तर सोयीचं पडेल." एवढंच, माफी मागण्याच्या सुरात नको. यातली "काय सोडून दिलं तर चालेल" ही ओळ फार कामाची आहे. दुसऱ्या वर्षात प्रत्येकाकडे एक साइड प्रोजेक्ट असतो जो कोणाच्यातरी शब्दाखातर घेतलेला असतो. तो आत्ता सोडा. हळू चाललंय याचं कारण बऱ्याचदा तास कमी हे नसतं, फांद्या जास्त हे असतं.

आजारपण धरूनच चाला. लहान मुलांना वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी-खोकला होणं अगदी नॉर्मल आहे, पाळणाघरात जायला लागली की त्याहून जास्त. म्हणजे महिन्यातले दोन-तीन दिवस जाणार हे नक्की, कुठले ते माहिती नाही. माझ्या प्लॅनमध्ये प्रत्येक महिन्यात तीन दिवस कोरे असायचे. आणि आजारपणात सुट्टी कोणाची, हेही आधी ठरवा, आळीपाळीने घ्या, बायको घरी असली तरी. दोन रात्री जागलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी एकटं सोडून जायचं नसतं.

एक गोष्ट मला कळकळीने सांगायचीये. बायको सलग दोन आठवड्यांहून जास्त खूप उदास असेल, बाळ झोपलं असतानाही तिला झोप येत नसेल, कशातच मन लागत नसेल, मी चांगली आई नाही असं सारखं म्हणत असेल, तर ते खटके म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांकडे जा. बाळंतपणानंतरचं डिप्रेशन पहिल्या वर्षभरात कधीही सुरू होऊ शकतं, त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. वडिलांनाही ते होतं, तुमचं स्वतःचंही बघा. माझ्या एका विद्यार्थ्याला सहा महिने आम्ही सगळे आळशी समजत होतो, मीसुद्धा, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

असं सगळं वाचून तुम्हाला वाटेल की लोक तर हे सगळं सहज करतात, आमचंच का अडतंय. मला पण वाटायचं, आणि मला तेव्हा कोणीतरी मेरी क्युरीचं उदाहरण दिलं होतं, बघ, तिने पण मूल सांभाळून पीएचडी केलीच की. केली, खरंय. तिची मुलगी आयरीन १२ सप्टेंबर १८९७ ला झाली, त्याच वर्षाच्या शेवटी मेरीने डॉक्टरेटसाठी युरेनियमच्या किरणांवर काम सुरू केलं, १८९८ च्या जुलैत पोलोनियम हे नवं मूलद्रव्य जाहीर झालं आणि १९०३ मध्ये थिसिस पूर्ण झाला. ती आयरीनचं वजन, दात सगळं वहीत लिहून ठेवायची. पण मी नंतर वाचलं तेव्हा कळलं की आयरीनच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत मेरीचा नवरा पिएर याची आई वारली आणि त्याचे वडील, डॉक्टर यूजीन क्युरी, या दोघांबरोबर राहायला आले. आयरीनला खऱ्या अर्थाने वाढवलं ते या आजोबांनी, शिवाय घरात दाईही होती. पिएर गेल्यावरही, स्वतःचं १९१० मध्ये निधन होईपर्यंत, ते सुनेकडेच राहिले. मला उदाहरण देणाऱ्याने आजोबा आणि दाई वगळून टाकले होते. तुमच्या घरात ते आजोबांचं काम एकटी तुमची बायको करतेय, आणि शक्य असेल तर त्यात तिसरं माणूस आणा. आठवड्यातून चार तासांसाठी का होईना, पैसे देऊन किंवा दुसऱ्या विद्यार्थी जोडप्याशी आलटून-पालटून, शनिवारी सकाळी तुमची मुलगी त्यांच्याकडे, पुढच्या शनिवारी त्यांचा मुलगा तुमच्याकडे. आमच्या शेजारच्या जोडप्याबरोबर आम्ही हे दीड वर्ष केलं, आणि खरं सांगते, त्या शनिवारच्या सकाळी आम्ही दोघं नवरा-बायको म्हणून टिकलो.

पैशाचं मी फार लिहीत नाही, तुम्ही विचारलंही नाहीये. एवढंच की फेलोशिप तुमच्या खात्यात येते म्हणून ती तुमची आणि ती खर्च करताना तिने सांगायचं, असं नकळत होतं. जॉइंट अकाउंट नसेल तर करा, आणि तिच्या नावाने थोडी रक्कम दर महिन्याला बाजूला पडू दे जिचा हिशोब विचारला जाणार नाही.

आणि तिच्या पुढच्याबद्दल बोला. तुमच्याकडे डिफेन्स, म्हणजे थिसिसच्या शेवटच्या तोंडी परीक्षेची, एक तारीख आहे, लांब असली तरी आहे, तिच्याकडे कुठलीच तारीख नाही. माझ्या नवऱ्याने मला हे चौथ्या वर्षी बोलून दाखवलं, तू संपवशील तेव्हा सगळे तुझं अभिनंदन करतील, माझं काय संपणारे. आम्ही तेव्हा ठरवलं की मी सबमिट केल्यावर पुढच्या शहराची निवड तो करेल, आणि त्यानेच केली, मला त्यासाठी एक बरी पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची जागा, सोडावी लागली. सोपं नव्हतं. पण दिलेला शब्द होता. तुमच्याकडे काय ठरेल ते मला माहिती नाही, ती कदाचित सहा महिन्यांत नोकरी शोधेल, कदाचित मुलगी दोन वर्षांची होईपर्यंत थांबायचं म्हणेल, कदाचित तिलाच शिकायचं असेल. पण तिचीही तारीख कॅलेंडरवर असू दे, तुमच्या हाताने लिहिलेली.

सुरुवात या रविवारी करा, मुलगी दुपारी झोपली की. एक तास, एक कागद, फोन दुसऱ्या खोलीत. आधी तिच्या दोन संध्याकाळी लिहा, मग तुमचा उशिराचा दिवस, मग रात्रीची वाटणी. पहिल्या आठवड्यात निम्मं मोडेल, माझंही मोडलं होतं, पुढच्या रविवारी परत बसायचं आणि जे मोडलं ते बदलायचं, कोणी मोडलं त्यावर चर्चा करायची नाही. आणि तुम्ही नेहमी करता त्या दोन-तीन प्रयोगांच्या पायऱ्या, साधारण किती मिनिटं लागतात त्यासकट, इथे लिहा, मी त्यात कुठे कुठे थांबता येईल ते बघून सांगते.